मोडी लिपी : अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्यातील लेखन व वाचनपरंपरा

मराठी भाषा जलद लिहिता यावी म्हणून रूढ झालेली, बोरू शक्यतो न उचलता अक्षरास अक्षर जोडीत जाणारी वळणदार लिपी म्हणजे मोडी. यादवकाळाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दरबारी, महसुली, सावकारी आणि घरगुती स्वरूपाचे मराठी लेखन मुख्यत्वे ह्या लिपीत झाले. ग्रंथलेखन मात्र बाळबोध म्हणजे नागरी लिपीत होत राहिले. कामाच्या ह्या वाटणीचे फळ आज चमत्कारिक रीतीने दिसते. नेवासे येथे शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीची जुनी हस्तलिखित पोथी थोड्या सवयीने शाळकरी मुलासही अक्षरशः वाचता येते, अर्थ लागो वा न लागो, परंतु त्याच मुलाच्या घरातील पणजोबांचे खरेदीखत त्याला, त्याच्या वडिलांना आणि बहुधा आजोबांनाही वाचता येत नाही. सातशे वर्षांपूर्वीचा ग्रंथ जवळचा आणि शंभर वर्षांपूर्वीचा कागद परका, असा हा प्रकार आहे.

मोडीच्या उत्पत्तीविषयी मतभेद आहेत. यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याने ती लंकेहून आणली, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. पण कोणतीही लिपी अशी पेटाऱ्यात घालून आणता येत नाही. लिहिणाऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या घाईतून ती घडते. वि. का. राजवाडे यांनी मोडीचा संबंध फार्सीतील ‘शिकस्ता’ ह्या मोडक्या वळणाशी जोडला. नावाच्या अर्थापुरती ही तुलना मार्मिक आहे. अक्षरांची घडण पाहता मात्र मोडी नागरीच्याच कुळातील ठरते.

ह्याच जिल्ह्यातील सराळे येथील म्हाइंभट हा लीळाचरित्राचा कर्ता होय. त्याच्या महानुभाव पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इ. सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची उकल होईपर्यंत पंथाबाहेरील वाचकांस ते ग्रंथ अगम्य होते. त्या लिप्या दुसऱ्याने वाचू नये म्हणून योजलेल्या होत्या. मोडीचा हेतू नेमका उलट, म्हणजे व्यवहार चटकन उरकण्याचा होता. आज दोहोंची गत एकच झाली आहे.

मोडी लिहिताना प्रथम कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढीत आणि मग तिच्याखाली अक्षरे टांगीत जात. दोन शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. त्यामुळे ‘दिन’ आणि ‘दीन’ किंवा ‘सुत’ आणि ‘सूत’ संदर्भावरूनच ओळखावे लागतात. शब्द कोठे तोडावयाचा, हे वाचणाऱ्याने ठरवावयाचे. चिटणिशी, बिवलकरी, महादजीपंती, रानडी अशी निरनिराळी वळणे प्रचारात होती. ‘ध’ चा ‘मा’ झाल्याने १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा प्राण गेला, ही कथा इतिहास म्हणून संशयास्पद असली, तरी कागदातील एका अक्षराचे भय लोकांच्या मनात किती खोल होते, हे तीवरून कळते.

अक्षर लागले म्हणजे कागद वाचला असे होत नाही, हे येथे आग्रहाने सांगितले पाहिजे. मजकुरात फार्सी-अरबी शब्दांची गर्दी असते, शब्द पहिल्या अक्षरावर संपवून पुढे दोन दंड ठोकलेले असतात आणि वर्ष सुहूर सनात, तेही अरबी संख्यावाचकांत दिलेले असते. ‘खमस तिसैन मया व अलफ’ म्हणजे पाच, नव्वद, शंभर व एक हजार, अर्थात् सुहूर सन ११९५. त्यात ५९९ किंवा ६०० मिळविले की इसवी सन निघतो. जामखेड तालुक्यातील खर्डे येथे मराठे व निजाम यांची लढाई झाली, ती ह्याच सनात, ११ मार्च १७९५ रोजी.

जिल्ह्यातील मोडी लेखनाची परंपरा निजामशाहीपासून (१४९०–१६३६) अखंड दाखविता येते. दक्षिणेतील सुलतानांच्या अनेक सनदापत्रांत वर फार्सी व खाली मोडीतील मराठी मजकूर असे. दरबाराची भाषा कोणतीही असो, गावचा हिशेब कुळकर्ण्याच्याच लेखणीने लिहिला जाई. मलिक अंबरची (मृत्यू १६२६) जमीनमहसूल व्यवस्था ह्याच लेखणीच्या आधारावर उभी होती. पेशवाईत कागदांचा महापूर आला. १८५२ च्या कायद्यान्वये नेमलेल्या इनाम कमिशनने इनामदार-वतनदारांकडून हक्कांचे पुरावे मागविले, तेव्हा घरोघरचे रुमाल बाहेर निघाले. पुण्याच्या पेशवे दप्तरात आज सुमारे ३९ हजार रुमाल असून त्यांतील बहुसंख्य कागद मोडीत आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ ह्या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले, पण एकंदर संग्रहाच्या मानाने तो चिमूटभरच होय. अहमदनगर शहरात १९६० मध्ये स्थापन झालेल्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयातही मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे.

पूर्वी सर्वांना मोडी वाचता येई आणि आता कोणालाच येत नाही, असा जो समज रूढ आहे तो बरोबर नाही. कुळकर्णी, देशपांडे, सावकार, कारकून व शाळेत गेलेली थोडी मंडळी वगळता गावातील बहुतेकांना मोडी कधीच वाचता येत नव्हती. जुन्या दस्तऐवजांच्या शेवटी ह्याचा पुरावा आहे. लिहिणारा आपल्या नावापुढे ‘बकलम’ म्हणून लिही. कुणब्याच्या नावापुढे नांगराची निशाणी काढलेली असे. नांगर काढणाऱ्याने कागदात काय लिहिले आहे, ते ऐकलेले असे, वाचलेले नसे.

ह्या न वाचता येण्याची किंमत किती मोठी होती, ते १८७५ मध्ये दिसून आले. त्या वर्षाच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेला शेतकऱ्यांचा उठाव लवकरच अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे आदी तालुक्यांत पसरला. जमावाचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नसून त्यांच्याजवळील कर्जरोख्यांवर होता. खते हिसकावून घेऊन जाळण्यात आली. चौकशी आयोगाच्या अहवालानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम झाला आणि तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांस लागू करण्यात आला. त्यात खेडोपाडी व्हिलेज रजिस्ट्रार नेमण्याची तरतूद होती. शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्त त्याच्या देखरेखीखाली लिहिला जावा आणि मोठ्याने वाचून दाखविला जावा, हे त्या तरतुदीचे मर्म. लिपी न बदलता वाचनाचा प्रश्न सोडविण्याचा हा प्रयत्न होता. प्रस्तुत लेखकाच्या मते मोडीच्या सामाजिक इतिहासात ह्या कलमांचे महत्त्व लिपीच्या उत्पत्तीविषयीच्या साऱ्या वादांहून अधिक आहे.

मोडीस पहिला धक्का छापखान्याने दिला. विल्यम कॅरी याने श्रीरामपूर (बंगाल) येथे मोडीचे खिळे पाडवून १८१० मध्ये आपला मराठी कोश त्या लिपीत छापला खरा. परंतु एकमेकांत गुंतणारी अक्षरे सुट्या खिळ्यांना मानवत नाहीत. मोल्सवर्थचा १८३१ चा कोश बाळबोधीत निघाला. अहमदनगर येथे अमेरिकन मिशनने १८४२ मध्ये सुरू केलेले ज्ञानोदयही बाळबोधीतच छापले जाई. छापील ते बाळबोध आणि हाताने लिहिलेले ते मोडी, अशी वाटणी शंभर वर्षे टिकली. शाळेत मुलाचे बाळबोध पक्के झाले की त्याला मोडी शिकवीत. १९५० च्या दशकात मोडी शाळेतून गेली. त्याच सुमारास, १९५० च्या अधिनियमाने, कुळकर्णी वतने नष्ट झाली व पगारी तलाठी आला. शिकविणारी शाळा आणि वंशपरंपरेने लिहिणारे घर ही दोन्ही एकाच दशकात नाहीशी झाल्यामुळे मोडीचा ऱ्हास इतका वेगाने झाला. केवळ शासकीय आदेशाने लिपी एवढ्या लवकर मरत नाही.

ह्यानंतरच्या पिढ्यांची स्थिती साधारणतः अशी आहे : शाळेत मोडी शिकलेली पिढी आता ऐंशी-पंचाऐंशीच्या पुढे आहे. तिच्या मुलांनी वडिलांची मोडी सही पाहिली, काहींना ती ओळखूही येते. नातवंडांना मात्र ती नक्षी वाटते. तथापि वृद्धांना सर्वच मोडी वाचता येते असे नाही. त्यांनी गिरविले ते इंग्रजी अमदानीतील वळण. शिवकालीन कागद त्यांच्यापुढे ठेवल्यास तेही अडखळतात. उलट पुराभिलेख संचालनालयाच्या किंवा विद्यापीठांच्या वर्गांत शिकलेला पंचविशीतील अभ्यासक पेशवेकालीन पत्र सरावाने सहज वाचतो, पण खासगी टिपणातील घाईचे अक्षर त्याला लागत नाही. जर्मनीत १९४१ मध्ये जुने वळणदार हस्ताक्षर शाळांतून काढून टाकण्यात आले आणि आजीची पत्रे नातवांना परकी झाली. तेथील अनुभवही असाच आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांनी २०१० नंतर शाळांतील वळणदार हस्ताक्षराची सक्ती सोडली. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून ते शिक्षण पुन्हा आणले. मोडीच्या बाबतीत अशी पुनःस्थापना संभवत नाही, कारण तिचे लिहिते काम उरलेले नाही.

वाचते काम मात्र उरले आहे, किंबहुना वाढले आहे. वतनाच्या जमिनी, वाटण्या व वहिवाट यांच्या वादांत मोडी दस्तांचे लिप्यंतर लागते. २०२३ मध्ये मराठा समाजातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे (निवृत्त) यांची समिती नेमण्यात आली आणि राज्यभर जन्ममृत्यूची जुनी पुस्तके, शाळांची प्रवेशपुस्तके व महसुली कागद तपासण्यात आले. त्यांतील बऱ्याच नोंदी मोडीत असल्याने मोडी वाचकांची गरज एकाएकी भासू लागली. ज्याच्या पणजोबाने कागदावर नांगर काढला होता, त्याचे जातप्रमाणपत्र आता त्या पणजोबाच्या नावापुढील एकदोन अक्षरांच्या वाचनावर ठरते. आणि ती अक्षरे वाचणारा आजही दुसराच कोणीतरी असतो. अशा वाचनात चूक झाली तर ती पकडण्यास गावात दुसरा वाचक नसतो. म्हणून एका नोंदीचे वाचन दोघा जाणकारांनी स्वतंत्रपणे करून ते ताडून पाहणे व लिप्यंतराबरोबर मूळ नोंदीचे छायाचित्र जोडणे इष्ट होय. युनिकोडमध्ये २०१४ साली मोडीचा समावेश झाल्याने ती संगणकावर लिहिता येते आणि यंत्राकडून जुने कागद वाचवून घेण्याचे प्रयोगही चालू आहेत. परंतु शब्द तोडणे आणि सुहूर सनाची संगती लावणे ह्या कामांत अद्याप अनुभवी वाचकाचीच गरज लागते.