डिस्ने वर्ल्डमध्ये सणाचं जेवण: ६० दिवस आधी टेबल कसं मिळवायचं?

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, आई-बाबा भारतातून भेटीला आलेले आणि नोव्हेंबरमध्ये थँक्सगिव्हिंगची चार दिवसांची सुट्टी. अशा वेळी अनेक मराठी कुटुंबं फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जातात. विमान, हॉटेल, पार्कची तिकिटं सगळं ठरतं, पण सणाच्या दिवशीचं जेवण राहून जातं. मग ऐन सणाला हातात बर्गर घेऊन बाकावर बसायची वेळ येते. कारण तिथे या जेवणाचं टेबल दोन महिने आधीच भरू लागतं.

थँक्सगिव्हिंगची मेजवानी म्हणजे काय?

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतो. १९४१ च्या कायद्याने हा दिवस पक्का झाला. पानात मुख्य पदार्थ भाजलेली टर्की. सोबत बटाट्याचा मऊ लगदा म्हणजे मॅश्ड पोटॅटो, पावाचं मसालेदार स्टफिंग, ग्रेव्ही आणि क्रॅनबेरीचा आंबटगोड सॉस.

डिस्ने वर्ल्डच्या मॅजिक किंगडम पार्कमधलं 'लिबर्टी ट्री टॅव्हर्न' अशा जेवणासाठी प्रसिद्ध आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातल्या खानावळीसारखी त्याची सजावट आहे. इथे टर्की, मांस, बटाटा, स्टफिंग टेबलावर आणून ठेवतात आणि संपलं की पुन्हा वाढतात. थोडक्यात, पंगतच. शेवटी टॉफी केक. विशेष म्हणजे असं जेवण इथे एरवीही मिळतं. त्यामुळे नेमक्या गुरुवारी टेबल मिळालं नाही, तर आदल्या किंवा नंतरच्या दिवशी प्रयत्न करता येतो.

बुकिंग कधी सुरू होतं?

नियम ६० दिवसांचा आहे. २०२६ मध्ये थँक्सगिव्हिंग २६ नोव्हेंबरला आहे, म्हणजे बुकिंग २७ सप्टेंबरला उघडतं. २५ डिसेंबरच्या नाताळसाठी ही तारीख २६ ऑक्टोबर.

डिस्नेच्या स्वतःच्या रिसॉर्ट हॉटेलात राहणाऱ्यांना एक सवलत आहे. हॉटेलात पोहोचण्याच्या ६० दिवस आधी ते मुक्कामातल्या १० दिवसांपर्यंतची सगळी टेबलं एकदम राखून ठेवू शकतात. २२ नोव्हेंबरला पोहोचणाऱ्याला २६ तारखेचं टेबल २३ सप्टेंबरलाच मागता येतं, इतरांपेक्षा चार दिवस आधी. सणाची टेबलं झटपट संपण्यामागे हेही एक कारण आहे.

वेबसाइट आणि 'माय डिस्ने एक्सपीरियन्स' अ‍ॅपवर बुकिंग फ्लोरिडातल्या सकाळी ६ च्या सुमारास सुरू होतं. भारतात तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. त्यामुळे हे काम पुण्यात बसलेले आजोबाही करू शकतात!

पैशाच्या कोणत्या गोष्टी लक्षात ठेवाव्यात?

- बुकिंगला क्रेडिट कार्ड लागतं. वेळेत रद्द न करता गैरहजर राहिल्यास बऱ्याच ठिकाणी माणशी १० डॉलर कापले जातात. सहा जणांचे ६० डॉलर.
- पार्कच्या आतल्या रेस्टॉरंटसाठी पार्कचं तिकीटही लागतं. रिसॉर्ट हॉटेलांमधल्या रेस्टॉरंटसाठी ते लागत नाही. पार्क न फिरणाऱ्या ज्येष्ठांसाठी ही मोठी बचत आहे.
- वय १० पूर्ण झालं की मोठ्यांचा दर. ३ ते ९ वयाला मुलांचा दर.
- छापील दरात कर आणि टिप नसते. मोठ्या गटाच्या बिलात टिप आधीच लावलेली असू शकते, म्हणून बिल वाचून मगच वर पैसे ठेवावेत.

शाकाहारी लोकांनी काय करावं?

नुसतं 'मी व्हेजिटेरियन आहे' म्हणणं पुरेसं नसतं. तिथल्या शाकाहारात अंडं चालतं. ग्रेव्ही अनेकदा टर्कीच्या रसातून बनते आणि स्टफिंगमध्ये चिकनचं पाणी असू शकतं. म्हणून मांस, मासे, अंडं, मांसाचं पाणी आणि जिलेटिन यांपैकी काय चालत नाही, ते नावं घेऊन सांगावं. बुकिंग करताना नोंद करावी आणि टेबलावर बसल्यावर वाढणाऱ्याला पुन्हा सांगावं. लिबर्टी ट्री टॅव्हर्नमध्ये वनस्पतीजन्य पदार्थांचा पर्याय मागता येतो.

आणखी एक पर्याय म्हणजे अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधलं 'सना'. इथे आफ्रिकी आणि भारतीय चवींचा मेळ असतो. नान आणि चटण्यांची थाळी प्रसिद्ध आहे आणि खिडकीबाहेर जिराफ, झेब्रे फिरताना दिसतात. हे रेस्टॉरंट हॉटेलात असल्याने पार्कचं तिकीटही लागत नाही.

टेबल मिळालंच नाही तर?

आशा सोडू नये. बेत बदलले की लोक बुकिंग रद्द करतात आणि सण जवळ येईल तशी टेबलं मोकळी होतात. अ‍ॅपमध्ये रोज पाहावं, आदल्या दिवशी तर नक्कीच. सहा जणांचं टेबल दिसत नसेल, तर तीन-तीन जणांची दोन शोधावीत. संध्याकाळी सातऐवजी दुपारी तीनची वेळ चालत असेल, तर संधी वाढते. त्या दिवशी काही रेस्टॉरंट अ‍ॅपवर प्रतीक्षा यादीही उघडतात.

नियम आणि दर बदलत असतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी अ‍ॅपमधल्या अटी वाचाव्यात. आणि विमानाचं तिकीट काढलं त्याच दिवशी कॅलेंडरवर ६० दिवस आधीच्या तारखेभोवती गोल करून ठेवावा.