घसाऱ्याला न जुमानणारं जहाज

आम्हा कॉमर्सवाल्यांना कॉलेजात एक गोष्ट पक्की शिकवतात. या जगात जमीन सोडून प्रत्येक वस्तूला घसारा लागतो. खुर्ची असो, छापखाना असो वा जहाज, दरवर्षी किंमत कमी करत जायची आणि शेवटी वहीत एक रुपया शिल्लक ठेवून मोकळं व्हायचं. बँकेत चिकटल्यावर याचा पडताळाही आला. आमच्या शाखेतली निम्मी कपाटं एक रुपयाची आहेत आणि काही सहकारीही त्याच वाटेवर आहेत.

या सिद्धांताला पहिला तडा गेला तो इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या हार्टलपूल गावात. भाचा तिथून जवळच मिडल्सबरोला नोकरीला असतो. "मामा, तुम्हाला मुंबईची एक वस्तू दाखवतो," असं म्हणून त्यानं आम्हा उभयतांना गाडीत घातलं. मला वाटलं, कुठंतरी वडापाव मिळत असेल. निघालं तीन डोलकाठ्यांचं, चांगलं घसघशीत लाकडी युद्धजहाज! नाव त्रिंकोमाली. श्रीलंकेतल्या बंदराचं नाव, इंग्रजांचं आरमार आणि जन्म मुंबईच्या गोदीतला. ब्रिटनच्या तरंगत्या युद्धजहाजांतलं हे सर्वांत जुनं. नेल्सनचं 'व्हिक्टरी' याहून वयानं मोठं, पण ते कोरड्या गोदीत टेकू लावून बसलंय. आमचं अजून पाण्यात आहे. ('आमचं' हा शब्द तिकीट काढल्याबरोबर माझ्या तोंडात आला.)

याची जन्मकथा सरकारी कचेरीत शोभावी अशी आहे. नेपोलियनच्या लढायांत जहाजं बांधता बांधता इंग्लंडातलं ओकचं लाकूड संपत आलं. तेव्हा १८१२ साली मुंबईला ऑर्डर निघाली. तिथं वाडिया घराण्यातले जमशेटजी बोमनजी हे गोदीचे मुख्य बांधकामकार होते आणि मलबारचं सागवान होतं. पण नकाशे ज्या 'जावा' जहाजातून निघाले, ते वाटेत ब्राझीलजवळ अमेरिकनांच्या 'कॉन्स्टिट्यूशन'नं गाठून निकालात काढलं. नकाशे गेले. पुन्हा नकाशे, पुन्हा समुद्र, पुन्हा वाट बघणं. अखेर १८१६ साली कामाला हात लागला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरलं. तोवर वॉटर्लू होऊन दोन वर्षं उलटली होती आणि नेपोलियन सेंट हेलेनावर बसला होता. मुलीच्या लग्नासाठी मागितलेलं कर्ज नातवाच्या बारशाला मंजूर व्हावं, तशातली गत.

खर्च आला २३,००० पौंड. मुंबईहून पोर्ट्‌समथला न्यायला आणखी ६,६००. मालाच्या किमतीच्या पावपटीहून जास्त नुसती वाहतूक! पहिल्या तुळईत जमशेटजींनी पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला होता म्हणतात. तो हिशेबात कुठल्या खाती पडला असेल, या विचारानं मी बराच वेळ अस्वस्थ होतो. सादिलवारच असणार.

आणि एवढं करून १८१९ साली विलायतेत पोचल्यावर त्याचं काय केलं? बांधून ठेवलं. लढाई नाही, काम नाही. तब्बल सव्वीस वर्षं! आमच्या भाषेत डेड स्टॉक. ओकचं असतं तर कुजायची भीती जास्त होती. ओकच्या अंगात आम्ल असतं, ते लोखंडी खिळे खातं. साग आपल्या तेलकट अंगानं खिळाही सांभाळतो आणि कीडही लांब ठेवतो. मग १८४७ पासून दहा वर्षांत दोन सफरी झाल्या, एक वेस्ट इंडीजच्या बाजूला, दुसरी पॅसिफिकमध्ये. त्यातही इतिहासाच्या पुस्तकात धडा मिळावा अशी लढाई काही वाट्याला आली नाही. नंतर पोरांना खलाशीपण शिकवायची शाळा. १८९७ साली भंगारात विक्री. भंगारवाल्याकडून कॉब नावाच्या एका शौकीन गृहस्थानं सोडवलं आणि आपल्या बुडालेल्या जहाजाचं 'फूद्रोयां' हे नाव याला दिलं. बिजवराकडे आलेल्या नवरीला पहिलीचंच नाव ठेवावं, तसं. माहेरचं नाव परत मिळायला १९९२ साल उजाडलं. मधे १९८७ मध्ये ते हार्टलपूलला आणलं आणि दुरुस्ती २००१ पर्यंत चालली.

हार्टलपूलची एक दंतकथा भाच्यानं वाटेत सांगितली. नेपोलियनच्या काळात इथं एक फ्रेंच जहाज फुटलं, त्यातून गणवेश घातलेलं एक माकड वाचलं आणि गावकऱ्यांनी त्याला फ्रेंच हेर समजून फाशी दिलं. दंतकथाच ती, पण गावाच्या फुटबॉल संघात माकडाचा वेष करून नाचणारा इसम २००२ साली खरोखर महापौर झाला. शाळेतल्या मुलांना फुकट केळी, हे आश्वासन. नंतर आणखी दोनदा निवडून आला. लोकशाहीबद्दल आपणच काळजी करतो असं नाही.

जहाजाच्या पोटात उतरलो. वरच्या मजल्यावर तोफा, कप्तानाला ऐसपैस खोली. आणि खाली दोनशेच्या वर माणसांची सोय. खलाशाला झोळी टांगायला जागा किती? चौदा इंच. लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसणाऱ्या माणसाला हा आकडा परका वाटत नाही. फरक एवढाच, की आम्हाला दादरला उतरता येतं.

सौभाग्यवती मात्र तोफांकडे ढुंकूनही न बघता एका तुळईवरून हात फिरवत उभ्या. आमच्या घरी 'अस्सल सागवान' म्हणून घेतलेल्या शोकेसनं सातव्या पावसाळ्यात मान टाकली होती, ते दुःख ताजं होतं. "दोनशे वर्षं झाली म्हणता?" त्या म्हणाल्या. "सांधा बघा कसा बसलाय. कोण होते हो हे सुतार?"

मी पाट्या पुन्हा वाचल्या. जमशेटजींचं नाव होतं, आणि ते असायलाच हवं. १८०० साली बांधलेल्या एका जहाजाच्या तळाशी त्यांनी म्हणे गुपचूप कोरून ठेवलं होतं, की हे एका काळ्या माणसानं बांधलंय. पुढे दुरुस्तीला उघडल्यावर साहेबांना ते दिसलं. पण ज्यांनी करवती ओढल्या, भोकं पाडली, खिळे ठोकले, त्यांची नावं कोण लिहिणार? त्यांचं हजेरीपत्रक कुणीतरी माझ्यासारख्या कारकुनानंच भरलं असेल आणि मुदत संपल्यावर रद्दीत गेलं असेल.

आमची शाखा फोर्टात आहे. लायन गेटवरून रोज जातो. आत अजून १७५० ची जुनी गोदी आहे म्हणतात. पण ती नौदलाची, पासाशिवाय आत सोडत नाहीत. हार्टलपूलला मात्र तिकीट काढून कुणीही तुळईला हात लावावा.

"नावं नाहीत," मी सांगितलं.

"मग निदान या पुढच्या बाहुल्याचा तरी फोटो काढा," त्या म्हणाल्या. जहाजाच्या नाळेवर पगडीवाला पुतळा आहे. "हा आपल्याकडचाच दिसतो."

भाच्यानं तो काढला. पुतळ्याच्या खाली आम्ही दोघं, आणि सौभाग्यवतींचा हात लाकडावर.