शाळेबाहेरची आंतरवासिता : छात्राध्यापकांना समाजात पाठवताना

नवी दिल्ली : फळा, पाठ्यपुस्तक आणि भरलेला वर्ग यांची ओळख भावी शिक्षकाला सराव पाठांतून होते. मात्र अंगणवाडीतून पहिलीत येणारे मूल, पटावर नाव असूनही ऊसतोडीच्या हंगामात आई-वडिलांबरोबर गेलेले मूल किंवा बालगृहात वाढणारे मूल वर्गाबाहेर कसे जगते, हे वर्गात उभे राहून कळत नाही. म्हणूनच शिक्षक-शिक्षणाच्या अभ्यासक्रमात शाळेबाहेरील सामाजिक अनुभवाला स्थान देण्यात आले आहे. या अनुभवातून शिक्षक घडतो की केवळ प्रमाणपत्राची पूर्तता होते, हे अध्यापक महाविद्यालयाने तो कसा आखला यावर अवलंबून असते.

नियमांतील स्थान

न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाने 2012 मध्ये शिक्षक-शिक्षणाविषयीचा अहवाल सादर केला. त्यानंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमावलीने बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला आणि त्यात 20 आठवड्यांच्या क्षेत्रीय अनुभवाची तरतूद केली. विविध सामाजिक-सांस्कृतिक परिस्थितींत समाजाशी संवाद साधणे हेही या नियमावलीला अपेक्षित आहे. चार वर्षांच्या एकात्मिक शिक्षक शिक्षण कार्यक्रमाची अधिसूचना 2021 मध्ये निघाली. त्यातही सामुदायिक सहभाग आणि सेवा यांचा समावेश आहे. शालेय आंतरवासितेचा कालावधी व उपस्थिती नियमांत स्पष्ट असली, तरी समाजातील कामाची प्रत्यक्ष आखणी बव्हंशी विद्यापीठ व महाविद्यालय यांच्यावर सोपवलेली आहे.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

हा विचार नवा नाही. वर्ध्यात ऑक्टोबर 1937 मध्ये झालेल्या शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमने शिक्षणाची सांगड श्रम आणि भोवतालच्या जीवनाशी घातली. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. तेथे व पुढे कोसबाड येथे त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी पाड्यांतील मुलांसाठी काम केले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच मुलांच्या अंगणात नेण्याचा आणि गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवण्याचा त्यांचा प्रयोग आजच्या छात्राध्यापकालाही मार्गदर्शक ठरतो. मुलाचा दिवस कसा जातो हे आधी पाहावे आणि मग शिकवण्याची वेळ व जागा ठरवावी, हे त्यामागचे सूत्र होते.

स्थळाची निवड

एकात्मिक बालविकास सेवा योजना 1975 मध्ये सुरू झाली. आज देशात सुमारे 14 लाख अंगणवाड्या असल्याने बहुतेक महाविद्यालयांना जवळचे स्थळ मिळू शकते. खेळ, बडबडगीते, पोषण आणि घरची भाषा यांतून मूल शाळेपर्यंत कसे पोहोचते, हे तेथे दिसते. बालगृहे, स्थलांतरित मजुरांच्या वस्त्या, सार्वजनिक ग्रंथालये आणि वस्तुसंग्रहालये हे अन्य पर्याय आहेत. मुंबईतील नेहरू विज्ञान केंद्र किंवा दिल्लीतील राष्ट्रीय बाल भवन यांसारख्या संस्थांत परीक्षेच्या धाकाविना शिकणारी मुले पाहता येतात. प्रौढांना शिकवण्याचा अनुभव हवा असल्यास ‘उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रम’ आहे. 2022 ते 2027 या कालावधीसाठीचा हा कार्यक्रम 15 वर्षे व त्यावरील निरक्षरांसाठी असून तो स्वयंसेवकांच्या बळावर चालतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 4 नुसार शाळेत कधीच न गेलेल्या किंवा शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. छात्राध्यापकाने वस्तीत अशा मुलांचा शोध घेऊन ती माहिती जवळच्या शाळेपर्यंत पोहोचवली, तर त्या भेटीचा लाभ मुलालाही होतो. बीडसारख्या जिल्ह्यांतून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीसाठी जाणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. सीमेपलीकडे शाळा मिळाली तरी तिची भाषा बदललेली असते.

परवानगी आणि बालसुरक्षा

महाविद्यालयाचे पत्र हातात देऊन विद्यार्थ्यांना थेट संस्थेच्या दारात उभे करणे योग्य नाही. अंगणवाडीसाठी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांशी, तर बालगृहासाठी संस्थाचालक व जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी आधी लेखी व्यवहार करावा लागतो. संबंधित बालगृह बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार नोंदणीकृत आहे याची खात्रीही करावी. कालावधी, कामाचे स्वरूप, देखरेख आणि तक्रारीची पद्धत या बाबी सामंजस्य करारात नमूद असाव्यात.

बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख कोणत्याही माध्यमातून उघड करण्यास मनाई आहे. त्यामुळे समाजमाध्यमांवर छायाचित्र टाकणे किंवा अहवालात मुलाचे नाव लिहिणे टाळले पाहिजे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे. हे कलम आणि 1098 हा बालसाहाय्य क्रमांक छात्राध्यापकांना पहिल्या दिवसापूर्वीच माहीत असावा.

वेळापत्रक आणि देखरेख

अंगणवाडी सकाळी भरते. ऊसतोड मजूर पहाटेच फडात जातात आणि मागे राहिलेली थोरली मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते. महाविद्यालयाच्या तासिकांप्रमाणे आखलेली भेट अशा ठिकाणी निरुपयोगी ठरते. एका लहान केंद्रावर दोन-तीन छात्राध्यापक पुरेसे असतात. पंचवीस जणांचा गट गेल्यास मुले बिचकतात आणि सेविकेचे कामही खोळंबते. सलग दोन आठवडे किंवा सत्रभर आठवड्यातून एक दिवस, यांपैकी काय सोयीचे हे यजमान संस्थेने ठरवावे. प्रवासखर्च आणि सायंकाळी परतण्याची सोय यांचा विचार आधीच झाला नाही, तर दूरची स्थळे, आणि पर्यायाने सर्वाधिक गरजू मुले, आपोआप वगळली जातात.

छात्राध्यापक हे विनावेतन मनुष्यबळ नव्हे आणि मुले ही सरावाची साधने नव्हेत. संस्थेतील एक अनुभवी व्यक्ती व महाविद्यालयातील एक प्राध्यापक यांनी संयुक्तपणे मार्गदर्शन करावे. सुरुवातीचे काही दिवस केवळ निरीक्षण, नंतर सहभाग आणि अखेरीस स्वतंत्र उपक्रम, असा क्रम ठेवता येतो.

मूल्यमापन आणि निरोप

भरलेल्या तासांच्या तक्त्यापेक्षा दैनंदिन नोंदवही, नाव न देता केलेला एका मुलाचा अभ्यास आणि यजमान संस्थेचा अभिप्राय यांतून शिकणे अधिक स्पष्ट दिसते. निरोपाचीही तयारी लागते. घरापासून दूर वाढणाऱ्या मुलांना लळा लवकर लागतो. त्यामुळे आपण किती दिवसांसाठी आलो आहोत हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगावे. तयार केलेली शैक्षणिक साधने तेथेच ठेवावीत आणि पुढील वर्षीची तुकडीही त्याच केंद्रावर पाठवावी. तुकड्या बदलल्या तरी महाविद्यालयाचे नाते कायम राहिले, तर त्या मुलांना शाळेशी जोडणारा एक धागा वर्षानुवर्षे टिकून राहतो.