होळकरांची ड्युसेनबर्ग आणि मिलानची अल्फा

इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात अमेरिकन ड्युसेनबर्ग 'एसजे'च्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून केशरी-काळा, अवघ्या दोन आसनांचा साज चढवून घेतला. ६.९ लिटरचे ते आठ सिलिंडरी यंत्र ३२० अश्वशक्तीचे, असा कारखान्याचा दावा असे. मिलानच्या समकालीन अल्फा रोमिओ '८सी २९००बी'चे यंत्रही आठ सिलिंडरीच, परंतु २.९ लिटरचे, १८० अश्वशक्तीचे. तथापि ड्युसेनबर्गचे धूड दोन टनांहून जड, तर अल्फाची चारही चाके स्वतंत्रपणे झुलणारी. राजरस्त्यावरची शान पहिलीची खरी. घाटातल्या वळणांवर मात्र दुसरीच सरस ठरावी. १९३८ च्या मिल्ले मिग्लिया शर्यतीत पहिले दोन्ही क्रमांक याच अल्फाकुळीने पटकावले. लिलावाचा न्याय निराळा: २०१६ मध्ये अशा एका अल्फाला १ कोटी ९८ लाख डॉलर मिळाले, २०१८ मध्ये नट गॅरी कूपर यांच्या ड्युसेनबर्गला २ कोटी २० लाख.