गाठ यायच्या आधीचे तास

मुंबई, सप्टेंबर 1896. मांडवीतल्या धान्याच्या गोदामांत उंदीर मरून पडताहेत. खालचं घड्याळ कुणाही एका हमालाच्या अंगातलं समजा. काटा माणसागणिक पुढंमागं होतो, क्रम सहसा चुकत नाही.

तास 0. उंदीर थंड पडला, तशी उपाशी पिसू हमालाच्या पायाला चावते. तिच्या पोटातले प्लेगचे जंतू 37 अंशांच्या उबेत उतरतात.

पहिले काही तास. पांढऱ्या पेशी धावून येतात, बरेच जंतू गिळून मारतात. थोडे मात्र भक्षक पेशींच्या पोटातच तग धरतात आणि तिथं वेश पालटतात. अंगावर निसरडं वेष्टण चढतं, पहाऱ्याला ओळखू न येणारं आवरण येतं. शिवाय सुया फुटतात.

खरा घात या सुयांत आहे. जंतू पांढऱ्या पेशीला चिकटतो, सुई लावतो आणि आपली विषारी प्रथिनं थेट तिच्या आत सोडतो. त्यांना 'योप' म्हणतात. योप-एच गिळायचा हुकूमच पुसून टाकतं, योप-ई पेशीचा सांगाडा ढिला करतं, योप-जे धोक्याची वर्दी पुढं जाऊ देत नाही. विष म्हटलं की आपल्याला नाग आठवतो, काळंनिळं अंग आठवतं. या विषाने काहीच दिसत नाही.

तास 24. ताप नाही. हमाल पोती उचलतोय. जंतू जांघेतल्या ग्रंथीत पोचलेत.

तास 48. अजून काही नाही.

तास 72. हुडहुडी, फणफणता ताप, जांघेत गाठ. पाय सरळ होईना. आता रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी वाढलेल्याच दिसतील! फौज आली, पण जी पेशी जंतूपाशी पोचेल तिचे हात बांधले जातात. उपचाराविना या गाठीच्या तापात शंभरातले 30 ते 60 जातात.

23 सप्टेंबरला मांडवीत प्लेगचं निदान केलं डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी. जन्म गोव्यातल्या हडफड्याचा. घाणीला दोष देत सरकारने गटारं धुतली. पिसूचा हात फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी कराचीत दाखवला, तो 1898 मध्ये.

त्याआधी, 10 जानेवारी 1897 ला, जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईतच उष्णतेने मारलेले प्लेगचे जंतू लस म्हणून स्वतःला टोचून घेतले. मेलेल्या जंतूला सुई चालवता येत नाही. पांढऱ्या पेशींना त्याची ओळख निवांत करून घेता येते. हाफकिनना ताप भरला, टोचलेली जागा ठणकत राहिली.