मेगरच्या नोंदवह्या
जुन्या मोठ्या जनित्रांत तांब्याच्या वेटोळ्यांवर अभ्रक आणि लाखेचे इन्सुलेशन असे. त्यातले पुष्कळसे अभ्रक कोडरमा-हजारीबागचे. त्याचे पापुद्रे तिथल्या बायका-मुलांनी सुटे केलेले. हे आवरण दमट झाले की जनित्र जळण्याचा धोका. तो आधी कळावा म्हणून इंग्लंडमध्ये सिडनी एव्हरशेड यांनी रोधमापक बनवला. १९०३ साली त्याचे 'मेगर' हे नाव नोंदले गेले. पुढे दहाव्या मिनिटाच्या रोधाला पहिल्या मिनिटाच्या रोधाने भागू लागले. भागाकार २ च्या वर आला, तर आवरण बहुधा कोरडे. मात्र एकटा आकडा फारसे सांगत नाही. मागच्या वर्षांच्या आकड्यांशेजारी ठेवला की झीज दिसते. म्हणूनच वीजगृहांतल्या मेगरच्या नोंदवह्या मी इतिहासाची अस्सल साधने मानतो. जनित्र भंगारात निघण्याआधीच त्या रद्दीत जातात.