जांघेतला सोरायसिस: नायटा समजून ट्यूब लावू नका

सोरायसिस म्हटलं की कोपर-गुडघ्यावरचे पांढरे पापुद्रे डोळ्यांसमोर येतात. पण काख, जांघ, स्तनांखालची घडी आणि जननेंद्रियावर तो वेगळाच दिसतो: लालसर, गुळगुळीत, चकचकीत चट्टा. ओलाव्यामुळे तिथे पापुद्रा जवळपास नसतोच. मग नायटा समजून मेडिकलमधून ट्यूब आणली जाते आणि घोटाळा होतो. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये क्लोबेटासॉलसारखं तीव्र स्टेरॉइड असतं. चार दिवस आराम पडतो. पण घडीतली कातडी मुळातच नाजूक, ती आणखी पातळ होते. गरोदरपणात पोटावर उमटतात तशा रेघा पडतात, त्या कायमच्या.

त्वचारोगतज्ज्ञ इथे सौम्य स्टेरॉइड देतात, तेही थोडेच दिवस. पुढे टॅक्रोलिमससारखं बिनस्टेरॉइड मलम. ते सुरुवातीला झोंबतं. कोपरासाठी दिलेलं डांबराचं किंवा सॅलिसिलिक ॲसिडचं मलम या जागी नको. कपडे सैल, सुती. अंघोळीनंतर जागा घासायची नाही, टिपायची.

हा आजार स्पर्शाने किंवा शरीरसंबंधातून लागत नाही, हे जोडीदारालाही सांगावं. तपासणीत ही जागा लाजून लपवू नये. डॉक्टर स्वतःहून विचारतीलच असं नाही.